व्हॉट्सअ‍ॅप की फिट्सअ‍ॅप? एका ‘व्हॉट’चा स्कॉटिश इतिहास

गर्दीत इअरफोन लावूनही ज्यांना धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलण्याचा सूर बराचसा तसाच ठेवलाय, त्यामुळे वाक्यं कुठे लांबली तर चालवून घ्या.

आजचा विषय म्हणजे फक्त एक शब्द. इंग्रजीतला ‘व्हॉट’. हा शब्द तुम्ही दिवसातून शंभरदा बघता, कारण तो व्हॉट्सअ‍ॅपच्या नावातच बसलाय. ‘व्हॉट्स अप’, म्हणजे ‘काय चाललंय’, यावर केलेली ती कोटी. आता गंमत अशी, की लंडनचा माणूस याला ‘वॉट्सअ‍ॅप’ म्हणतो. ह गायब. एडिनबरामधले आजोबा म्हणतील तेव्हा आधी तोंडातून हवेची एक फुंकर निघेल आणि मग शब्द, ‘ह्वॉट्सअ‍ॅप’. आणि हेच अ‍ॅप अ‍ॅबर्डीनच्या आसपासच्या एखाद्या गावात, तिथल्या बोलीत जन्माला आलं असतं, तर त्याचं नाव फिट्सअ‍ॅप झालं असतं.

हो, फिट. स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात व्हॉटला फिट म्हणतात. दोन माणसं रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न ‘फिट लाइक?’ म्हणजे आपलं ‘काय, कसं काय?’ त्यावर ठरलेलं उत्तर ‘चाव्हिन अवा’, म्हणजे ‘चाललंय ढकलत’. तब्येतीने फिट असण्याशी याचा काडीचा संबंध नाही. त्यात भर म्हणजे त्याच बोलीत पायालाही फिट म्हणतात. म्हणून तिकडचा एक जुना विनोद आहे. बुटांच्या दुकानात माणूस विचारतो, ‘फिट फिट फिट्स फिट फिट?’ कुठला पाय कुठल्या पायात बसतो? म्हणजे डावा कुठला नि उजवा कुठला? पाच शब्द, त्यातले चार हुबेहूब सारखे, आणि तरी गिऱ्हाइकाला नि दुकानदाराला दोघांनाही कळतं. दोनदा वाचा, जमेल.

हे ऐकून पहिल्यांदा काय वाटतं? की ‘व्हॉट’ नीट बोलता येईना म्हणून गावाकडच्या लोकांनी त्याचं ‘फिट’ करून टाकलं. स्कॉटलंडमध्ये अनेक पिढ्यांना शाळेत साधारण हेच सांगितलं गेलं. तुझं फिट म्हणजे बिघडलेलं व्हॉट. आज आपल्याला हेच तपासायचंय, की नेमकं बिघडलंय कोण.

आधी आवाजाकडे बघू. हाताचा तळवा तोंडासमोर धरा. आता मेणबत्ती विझवायला ओठांचा चंबू करतो तसा करा, फुंकर मारा आणि फुंकर संपायच्या आत ‘व’ म्हणा. ‘ह्व’. तळव्यावर हवा लागली? हा स्कॉटिश लोकांचा डब्ल्यू-एच. तो असल्यामुळे ‘व्हेल्स’ हा देवमासा आणि ‘वेल्स’ हा देश यांचे उच्चार त्यांच्याकडे वेगळे असतात. लंडनमध्ये दोन्ही सारखेच.

इथे एक छोटा खुलासा. आपण मराठीत ‘व्हॉट’, ‘व्हाइट’, ‘व्हील’ लिहितो तेव्हा त्यात ह असतोच. मग आपण स्कॉटिश का? मुंबईत विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन स्कॉटलंडच्या लॉडर गावचे, हे खरं. आपल्याकडे सुरुवातीला इंग्रजी शिकवणाऱ्यांत स्कॉटिश मिशनरी बरेच होते, हेही खरं. पण आपला हा ह त्यांच्याकडून आला असं म्हणण्यापेक्षा तो स्पेलिंगमधून आला असं मानणं जास्त पटतं. स्पेलिंगमध्ये एच दिसला, आपण तो म्हटला. शिवाय आपण तोच ‘व्ह’ व्हॅन आणि व्हिडिओलाही लावतो, जे कुठलाही स्कॉटिश माणूस करणार नाही. म्हणून या भागात त्यांचा आवाज मी ‘ह्व’ असा लिहितोय.

आता नकाशा. ग्लासगो, एडिनबरा आणि मधला सगळा पट्टा, इथल्या स्कॉट्स भाषेत व्हॉट म्हणजे ‘ह्विट’. ग्लासगोत कुणी भुवया उंचावून नुसतं ‘ह्विट?’ म्हटलं तर तो प्रश्नही असू शकतो आणि भांडणाची सुरुवातही. उत्तरेला अँगस परगण्यात गेलात की फ सुरू होतो, पण फक्त प्रश्नाच्या शब्दांत. अ‍ॅबर्डीनशर आणि बँफच्या जुन्या बोलीत मात्र तो सगळीकडे पसरला होता. व्हाइट म्हणजे ‘फाइट’. शिट्टीचा व्हिसल म्हणजे ‘फसल’. व्हिस्की म्हणजे ‘फस्की’, आणि ही मागितल्यावर मिळायची बरं का! आज बोलणाऱ्यांच्या तोंडी तो फ मुख्यतः प्रश्नांतच टिकलाय. रोज वापरातली नाणी घासतात पण हरवत नाहीत, तसं काहीसं. अगदी वरच्या टोकाला केथनेसमध्ये पुन्हा फ, पण तिथे स्वर वेगळा, ‘फॅट’. अ‍ॅबर्डीनकडेही पूर्वी फॅटच होतं. विल्यम अलेक्झांडर यांची ‘जॉनी गिब ऑफ गुशेटन्यूक’ ही कादंबरी १८७१ साली पुस्तकरूपात आली. तिच्यातले शेतकरी फिट नाही, फॅट म्हणतात.

ईशान्येच्या या बोलीला ‘डोरिक’ म्हणतात. हे नावही खोडसाळपणे पडलेलं. प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सची भाषा नागर आणि डोरियन लोकांची गावंढळ, असा एक समज होता. एडिनबरा स्वतःला उत्तरेचं अथेन्स म्हणवून घ्यायचं. मग गावाकडच्यांची भाषा आपोआप डोरिक. पुढे त्याच लोकांनी ते नाव अभिमानाने लावलं, ही वेगळी गोष्ट.

अजून वर, शेटलंड बेटांवर आणखीच निराळा प्रकार. ही बेटं १४६९ पर्यंत डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाच्या ताब्यात होती. मुलीच्या हुंड्याचे पैसे जमेनात म्हणून त्याने ती स्कॉटलंडकडे गहाण ठेवली आणि कधीच सोडवली नाहीत. तिथली जुनी नॉर्स भाषा, नॉर्न, नंतर हळूहळू संपली, पण जाताना सवयी ठेवून गेली. शेटलंडच्या काही भागांत ‘ह्व’ आणि ‘क्व’ यांची सरमिसळ होते. व्हाइटचा उच्चार ‘क्वाइट’सारखा. म्हणजे ह्वच्या जागी चक्क क.

हा क लक्षात ठेवा, कारण आता आपण खूप मागे जातोय. इंग्रजीही नव्हती आणि मराठीही नव्हती, तेव्हाच्या काळात.

मराठीतले प्रश्न मोजा. कोण, काय, कधी, कुठे, कसं, किती, का. सगळे क. कोकणात ‘खंय’ म्हणतात, तरी तो क चा भाऊच. संस्कृतात कः, किम्, कदा, कुत्र. लॅटिनमध्ये क्विस, क्विड. हा योगायोग नाही. या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेत प्रश्नाचे शब्द क आणि व एकत्र उच्चारल्यासारख्या आवाजाने सुरू व्हायचे. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेत येते तिथे या क चा आधी घशातला ख आणि मग ह झाला. हा नियम १८२२ मध्ये नीट मांडणारा माणूस म्हणजे याकोब ग्रिम. हो, परीकथावाले ग्रिम बंधू, त्यांतला थोरला. तर क्व चा झाला ह्व, आणि जुन्या इंग्रजीत शब्द बनला ‘ह्वॅट’. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याचा पहिलाच शब्द हा आहे.

म्हणजे मराठीतला क, लंडनचा व, ग्लासगोचा ह्व आणि अ‍ॅबर्डीनचा फ, ही एकाच घरातली नातवंडं. त्यात अ‍ॅबर्डीनवाल्यांनी एक काम फार व्यवस्थित केलंय. त्यांची यादी बघा. कोण म्हणजे ‘फा’. काय म्हणजे ‘फिट’. कधी म्हणजे ‘फॅन’. कुठे म्हणजे ‘फार’. कसं म्हणजे ‘फू’. सगळे फ, जसे आपले सगळे क. इंग्रजीत बघा, व्हॉट, व्हेन, व्हेअर रांगेत उभे आणि ‘हाऊ’ एकटाच बाहेर. ‘हू’ने तर स्पेलिंगमध्ये डब्ल्यू ठेवून उच्चारात टाकून दिला. माझ्या मते या बाबतीत डोरिक जास्त शिस्तीची भाषा आहे, इंग्रजी नाही.

फ आला कसा? पुन्हा तळवा धरा. ‘ह्व’ म्हणताना खालचा ओठ जरासा वरच्या दातांना लागू द्या. झाला फ. इतकं जवळचं अंतर आहे ते. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत तर आजही बहुतेक ठिकाणी लिहायचं डब्ल्यू-एच आणि म्हणायचं फ. स्कॉटलंडबद्दल काही अभ्यासक म्हणतात, की त्या भागातले गेलिक बोलणारे लोक स्कॉट्स शिकले तेव्हा ह्व त्यांच्या भाषेत नव्हता, म्हणून त्यांनी जवळचा फ घेतला. काहींना हे पटत नाही. वाद अजून मिटलेला नाही.

बरं, आवाज असा वेगवेगळा झाला, मग लिहायचं कसं? जुन्या इंग्रजीत आधी एच, मग डब्ल्यू लिहायचे, जसा उच्चार तसं. नॉर्मन लोक आल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी अक्षरं उलटी केली, आणि तेच उलटं स्पेलिंग आपण शाळेत पाठ केलं. स्कॉटलंडमध्ये मात्र लोक क्यू-यू-एच अशी तीन अक्षरं लावायचे. व्हॉट लिहायचा तर क्यू-यू-एच-ए-टी. विचित्र दिसतं, पण त्यामागे विचार होता. हा आवाज नुसता ओठांचा नाही, घशातूनही येतो, हे त्या क्यू मधून दिसायचं.

आता मला या सगळ्यातला सर्वात आवडता प्रसंग. अलेक्झांडर ह्यूम नावाचे एक हेडमास्तर होते. एडिनबराच्या हायस्कूलमध्ये त्यांनी काम केलं होतं. १६१७ च्या सुमारास त्यांनी स्पेलिंगवर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि तो राजा जेम्सला अर्पण केला. हा जेम्स मूळचा स्कॉटलंडचा राजा, १६०३ मध्ये इंग्लंडचंही सिंहासन मिळालं म्हणून लंडनला गेलेला. राजा गेला तसे स्कॉटिश छापखानेही हळूहळू लंडनच्या स्पेलिंगकडे झुकत चालले होते, आणि ह्यूम मास्तर त्या अडाणी छापखानेवाल्यांवर भयंकर चिडलेले.

ग्रंथात ते सांगतात, की मी एकदा दक्षिणेत, इंग्लंडमध्ये होतो. तिथल्या एका मित्राशी माझा वाद पेटला, की हू, व्हेन, व्हॉट हे शब्द क्यू ने लिहायचे की डब्ल्यू ने. अनेकदा भांडण झालं. मग बाथ शहरात दोघांच्या ओळखीचे एक धर्मशास्त्राचे पंडित भेटले आणि त्यांनी जेवायला बोलावलं. टेबलावर मित्राने मुद्दाम विषय काढला, म्हणाला, हा माणूस पाखंडी झालाय, डब्ल्यू मानत नाही! सगळे तुटून पडले. मास्तरांनी कसाबसा आपला मुद्दा मांडला, तोही तर्कशास्त्राच्या पद्धतीने. ओठांच्या अक्षराने घशातला आवाज दाखवता येत नाही. डब्ल्यू हे ओठांचं अक्षर. हा आवाज घशातला. म्हणून डब्ल्यू चुकीचा. त्यावर पंडित काय म्हणाले असतील? की तुमचा पहिला मुद्दा समजला, दुसरा स्कॉटिश आहे आणि निष्कर्ष खोटा. सगळे खो खो हसले. आणि मास्तर जळफळत राहिले, की एका फालतू विनोदाला उत्तर म्हणून मान मिळाला.

चारशे वर्षं झाली, पण हा प्रसंग ओळखीचा वाटतो ना? कमेंट सेक्शनमध्ये रोज होतो. मुद्दा खोडायचा नाही, फक्त ‘तुम्ही लोक असेच बोलता’ म्हणायचं. बिचाऱ्या ह्यूम मास्तरांचा ग्रंथही हस्तलिखितातच पडून राहिला आणि छापला गेला थेट १८६५ मध्ये. तोपर्यंत त्यांचं क्यू-यू-एच वापरातून कधीच गेलं होतं.

१७०७ मध्ये दोन्ही देशांची पार्लमेंटं एक झाली. स्कॉटिश खासदार आता लंडनमध्ये उभं राहून बोलणार, आणि लोक हसणार, ही धास्ती. मग सुशिक्षित स्कॉटिश लोकांनी स्वतःच स्वतःवर रंधा मारायला घेतला. दुसरे एक ह्यूम, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, यांनी १७५२ मध्ये टाळायच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादीच छापली. अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक जेम्स बीटी यांनीही १७७९ मध्ये तसंच केलं. आणि १७६१ मध्ये एडिनबरात थॉमस शेरिडन यांची उच्चारावरची व्याख्यानं झाली. शेकडो सभ्य गृहस्थ शुद्ध इंग्रजी शिकायला जाऊन बसले. शेरिडन कुठले होते? आयर्लंडचे!

आता थांबा, कारण इथे गोष्ट पलटी मारते. १७९१ मध्ये जॉन वॉकर यांनी लंडनमध्ये एक उच्चारकोश काढला, पुढे अनेक दशकं तो प्रमाण मानला गेला. त्यात त्यांनी लंडनच्या लोकांच्या चुका सांगितल्यात, आणि त्यांतली एक चूक म्हणजे डब्ल्यू नंतरचा एच न म्हणणं. म्हणजे व्हॉटला ‘वॉट’ म्हणणं हा १७९१ मध्ये दोष होता! लंडनकरांचा, खास त्यांचा. पुढे तोच दोष इंग्लंडच्या सुशिक्षितांमध्ये पसरला आणि आज त्याला कुणी चूक म्हणत नाही. तिकडे ह्विट म्हणणारा आणि फिट म्हणणारा, दोघांनी जुन्या आवाजातली ती फुंकर जपली होती. फ ही फुंकरच आहे. टाकून दिली ती लंडनने. आणि छडी कुणाच्या हातावर बसली?

छडी नव्हे, पट्टा. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. कायद्यात कुठे लिहिलं नव्हतं की स्कॉट्स बोलू नका. पण वर्गाची भाषा इंग्रजी, तपासणीची भाषा इंग्रजी. मास्तरांकडे ‘टॉज’ नावाचा जाड चामड्याचा, टोकाला चिरलेला पट्टा असायचा. फाइफमधल्या लॉकगेली गावचे पट्टे प्रसिद्ध होते. ‘यस’ऐवजी ‘आय’ म्हटलं, ‘व्हॉट’ऐवजी ‘फिट’ निघून गेलं, तर तो हातावर बसू शकायचा. सरकारी शाळांतून हा मार बंद झाला १९८७ मध्ये. म्हणजे तो खाल्लेले लोक आज पन्नाशी-साठीत आहेत.

मार एक वेळ विसरला जातो, पण त्याच्यासोबत येणारी समजूत आत रुतते. १९४६ मध्ये प्राथमिक शिक्षणावरच्या एका सरकारी अहवालाने स्कॉट्सबद्दल सांगितलं, की ही कुठल्याही सुशिक्षित माणसाची भाषा नाही. आता त्या घरातल्या मुलाचा विचार करा. त्याची आजी फिट म्हणते, आई फिट म्हणते. अहवाल त्याला काय सांगतोय? मग मुलं दोन जिभा ठेवायला शिकली. मैदानात फिट, वर्गात व्हॉट. लुईस ग्रासिक गिबन यांच्या ‘सनसेट साँग’ या १९३२ च्या कादंबरीतली क्रिस गथरी अशीच दोन तुकड्यांत जगते. एक क्रिस पुस्तकांची, इंग्रजीची. दुसरी मातीची.

आणि काही ठिकाणी दुसरी जीभ उरलीच नाही. उत्तरेला क्रोमार्टी नावाचं बंदराचं छोटं गाव आहे. तिथल्या कोळ्यांची स्वतःची बोली होती. त्यांनी या आवाजाचं काय केलं माहितीय? ना ह्व, ना फ, ना क. त्यांनी तो पूर्णच सोडून दिला. व्हॉट म्हणजे नुसतं ‘अ‍ॅट’. मासेमारी आटली, कोळी घरं विखुरली. २०१२ मध्ये ९२ वर्षांचे बॉबी हॉग वारले, तेव्हा ती बोली अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस गेला, अशी बातमी जगभर छापून आली. त्यांचे भाऊ आदल्याच वर्षी गेले होते. त्यानंतर एक वर्ष बॉबींनी ‘अ‍ॅट’ म्हटलं असेल तर कुणाला? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. सुदैवाने दोघा भावांचं बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं, शब्दांची एक पुस्तिकाही निघाली होती.

आजची स्थिती इतकी वाईट नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच विचारलं, की तुम्हाला स्कॉट्स येते का. पंधरा लाखांहून जास्त लोक म्हणाले, हो, बोलता येते. अ‍ॅबर्डीनशर आणि शेटलंडमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाची एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट डोरिकवर काम करते. आणि २०२५ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला.

इंटरनेटवर मात्र जपून. २०२० मध्ये उघडकीला आलं, की स्कॉट्स विकिपीडियावरचे २०,००० हून जास्त लेख एका अमेरिकन पोराने लिहिले होते, ज्याला ही भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, शब्दकोशातून एकेक शब्द बदलायचा, झाला स्कॉट्स लेख. त्या पोराला इंटरनेटने इतकं झोडपलं, की मला त्याचीच दया आली. पण त्याने जे केलं त्याच्या मुळाशी तोच शाळेतला समज होता, की स्कॉट्स म्हणजे थोडं वाकडं इंग्रजी. आणि फिट, ह्विट, फॅट, क्वाइट, अ‍ॅट यांतलं कुठलं कुठल्या गावचं, हे शब्दकोश चाळून नाही कळत. त्यासाठी तिथल्या माणसांना ऐकावं लागतं.

शेवटची एक बातमी ग्लासगोहून. तिथल्या बऱ्याच तरुण पोरांच्या तोंडून आता ह्व ची फुंकरही कमी ऐकू येते, असं अभ्यासकांना आढळलंय. त्यांच्या आज्यांचा ‘ह्विट’ त्यांच्याकडे ‘विट’ होत चाललाय. त्यांना कुणी मारलं नाही, कुणी शिकवलं नाही. आपोआप होतंय.

पुढच्या भागात भेटू. तोवर ‘डोरिक’ असं शोधून एखादी क्लिप ऐका, आणि ‘फिट लाइक’चा फ कानावर पडला तर कमेंटमध्ये कळवा.